अर्ज नको, वारा आडवा आहे!

बावीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून सर्वांत लवकर काय होत असेल, तर अर्ज. नालासोपाऱ्याच्या आमच्या वस्तीत कुणाचे रेशनकार्ड अडले, कुणाची जातपडताळणी रखडली, कुणाच्या मुलाचा शाळेचा दाखला अडकला, की रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दारात चपला वाजतात. विरार लोकलमधून उतरून, दोन घास पोटात ढकलून आम्ही कागद पुढे ओढतो. ‘मा. महोदय, वरील विषयास अनुसरून...’ इथपर्यंत आमचे पेन आपोआप चालते. विषय काय आहे ते तुम्ही त्यानंतर विचारता, अशी आमची पत्नी चेष्टा करते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये असाच एक अर्ज आम्ही लिहिला. तो आजही आमच्या कपाटात पाकिटात बंद पडून आहे. तो का पाठवला नाही, त्याची ही हकिगत.

आमचे एक मित्र रेल्वेत ट्रॅकमन आहेत. जुन्या भाषेत गँगमन. त्यांची थोरली मुलगी विमान चालवायला शिकते आहे. मुलीचे, मित्राचे आणि तिच्या ट्रेनिंग स्कूलचे नाव आम्ही येथे देत नाही. मुलगी अजून शिकते आहे, तिला निवांत शिकू द्यावे. स्कूल घाटापलीकडे आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या रात्री मित्र आले ते बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “भाऊ, पोरीला सोलो देत नाहीत. तिच्या बरोबरची चार पोरं सोलो गेली. हिलाच तेवढं थांबवलंय. तुम्हीच समजून घ्या काय ते.”

आम्ही समजलो. निदान समजलो असे आम्हाला वाटले. आपल्या मुलांना कुठे, कसे आणि कोणत्या कारणाने थांबवले जाते, याची चांगली जाडजूड फाईल आमच्या डोक्यात आहे. त्या फाईलमध्ये हाही कागद लावून टाकायला आम्हाला वेळ लागला नाही.

सोलो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिकाऊ विमानात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी असतात. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा. दोघांपुढे सारखीच चक्रे, दोघांच्या पायाशी सारखीच पायटे. शिकणाऱ्याचे चुकले की उजवीकडचा सावरतो. एक दिवस उजवीकडचा माणूस दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा, एक फेरी मारून ये. उडायचे, मैदानाला वळसा घालायचा, उतरायचे. पाच-सात मिनिटांचे काम. पण त्या पाच-सात मिनिटांत विमानात दुसरे कोणी नसते. ही पहिली सोलो झाल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले १०० तास स्वतः कॅप्टन म्हणून भरावे लागतात. म्हणजे सोलो अडली की शंभर तास अडले.

आणि तासाचा हिशोब या घराला जड होता. आम्ही बी.कॉम. असल्यामुळे तो हिशोब आमच्याकडेच असे. आपल्या देशात हे शिक्षण पुरे करायला चाळीस-पन्नास लाख रुपये सहज लागतात. मुलीने आधी फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची परीक्षा दिली होती. ती केंद्र सरकारची संस्था, तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. पण थोडक्यात राहिले. मग मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा कागद आम्ही काढला. त्या योजनेच्या पहिल्या गटात वैमानिकाचा कोर्स आहे, हे पाहून आमची छाती फुगली होती. पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख! रेल्वेतला ट्रॅकमन उन्हापावसात रूळ तपासतो, पण पगारपत्रकावर तो अडीच लाखांच्या वर जातो. तेव्हा दोन खोल्यांचे घर बँकेकडे तारण ठेवले, पी.एफ.मधून रक्कम उचलली, वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या आईने भिशी मोडली. बँकेने कर्ज मंजूर करायला तीन महिने जास्त घेतले. ही तीन महिन्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर आम्ही त्या रात्री अर्ज लिहिला. चांगला कडक लिहिला. प्रती कोणाकोणाला, तेही लिहिले. सकाळी रजिस्टर ए.डी. करायचे म्हणून पाकीट बंद केले. मग वाटले, ज्या मुलीसाठी लिहिले तिला एकदा विचारावे तरी. फोन लावला.

“जयभीम काका.”

आम्ही सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, “काका, अर्ज नको. वारा आडवा आहे.”

आम्हाला वाटले मुलगी घाबरली. घाबरलेली माणसे असेच काहीतरी बोलतात, हे आम्ही फार पाहिले आहे. तेव्हा दुसऱ्या शनिवारची सुट्टी गाठून आम्ही आणि मित्र रात्रीच्या एस.टी.ने निघालो. अर्ज खिशात होताच.

वारा कुठला आणि वाट कुठली

मैदानाच्या कुंपणाशी आम्ही पहाटे पोचलो. पहिली नजर गेली ती एका खांबावर लटकलेल्या नारिंगी कापडाच्या लांबट पिशवीकडे. तिला विंडसॉक म्हणतात. त्या वेळी ती मेल्या माशासारखी लोंबत होती. पण दुपारी बारा वाजता तीच पिशवी आडवी ताठ झाली आणि फडफडू लागली.

आपल्या वसईकरांना हे नवे नाही. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्राकडून वारा आत येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा समुद्राकडे जातो, तो मतलई. अर्नाळ्याचे आणि पाचूबंदरचे कोळी बांधव हे पुस्तकात वाचून शिकले नाहीत. आपले सोपारा हे एके काळचे मोठे बंदर. त्या बंदरातल्या गलबतांचा सारा कारभार वाऱ्यावर चालायचा, आणि आता बुरुड राजाच्या कोटाजवळ राहणारे आपण वारा कुठला हे गच्चीवरच्या कपड्यांवरून बघतो. घाटापलीकडे समुद्र नाही, तरी ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि वारा पहाटेपेक्षा जोरात व झटक्याझटक्याने येऊ लागतो.

आता विमानाचे असे की, त्याला समोरून येणारा वारा आवडतो. समोरून वारा असला की पंखांना हवा आधीच मिळते, जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि थोड्या जागेत उतरता येते. म्हणून विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचे. पण धावपट्टी डांबराची. ती एकदा बांधली की वाऱ्याप्रमाणे फिरत नाही. धावपट्टीच्या तोंडावर मोठे आकडे रंगवलेले असतात, ते होकायंत्राचे असतात, शेवटचे शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. वारा नेमका पश्चिमेचा असेल तर उत्तम. पण तो ३०० अंशांवरून, म्हणजे थोडा उजवीकडून, वायव्येच्या बाजूने आला तर त्याचा काही भाग समोरून लागतो आणि काही भाग कुशीतून. हा कुशीतला भाग म्हणजे आडवा वारा.

त्या भागाचे गणित त्रिकोणमितीचे आहे. साईन-कोसाईन दहावीनंतर आमच्या वाट्याला आले नाहीत. पण मुलीने आमच्यासाठी वहीच्या मागच्या पानावर कारकुनी पद्धतीने लिहून दिले : वारा ३० अंश तिरका असेल तर निम्मा आडवा धरायचा, ४५ अंशांना दहातले सात, ६० अंशांना जवळपास दहातले नऊ, आणि ९० अंशांना सगळाच्या सगळा. म्हणजे २७ च्या पट्टीवर ३०० अंशांवरून १६ नॉटचा वारा असेल, तर ८ नॉट आडवा. तोच वारा ३३० वर सरकला, की १४ नॉट आडवा. वेग तोच, दिशा फक्त ३० अंश सरकली! एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. सेस्ना १५२ हे जे दोन आसनांचे शिकाऊ विमान जगभर वापरतात, त्याच्या पुस्तकात १२ नॉट आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवल्याची नोंद आहे. शिकाऊ मुलांना त्याहून पुष्कळ कमी वाऱ्यातच सोडतात.

“८ नॉट म्हणजे काय मोठंसं?” मित्रांनी विचारले. मुलगी म्हणाली, “पप्पा, ८ नॉट म्हणजे सेकंदाला चार मीटर. पट्टी २३ मीटर रुंद धरली तर मधल्या पांढऱ्या रेघेपासून कडेपर्यंत साडेअकरा मीटर. म्हणजे मी काहीच केलं नाही, तर तीन सेकंदात विमान पट्टीच्या बाहेर.”

मित्र गप्प झाले. नंतर बराच वेळाने म्हणाले, “आमच्या गाडीला रूळ आहेत. हिला रूळच नाहीत की.”

पाणजूची होडी

मग ती काय करते, ते आम्हाला तिने सांगितले आणि आम्हाला ते पहिल्या झटक्यात कळले, याचे श्रेय पाणजूच्या होडीला आहे. वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावर आम्ही कामानिमित्त अनेकदा गेलो आहोत. नायगावहून होडी सुटते तेव्हा ओहोटीचे पाणी जोरात असेल, तर होडीवाला समोरच्या धक्क्याकडे तोंड करत नाही. तो धक्क्याच्या वरच्या अंगाला, पाणी येते त्या बाजूला तोंड करतो. नवखा माणूस म्हणेल, हा चालला तरी कुठे? पण होडी तिरकी-तिरकी सरकत नेमकी धक्क्याला लागते. तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे.

विमानही उतरताना तसेच आणतात. वारा उजवीकडून असेल तर नाक थोडे उजवीकडे ठेवायचे. ६० नॉटच्या वेगाने येणाऱ्या छोट्या विमानाला ८ नॉट आडवा वारा असेल, तर नाक सात-आठ अंश वळवावे लागते. त्याला खेकड्याची चाल म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. कळंबच्या किनाऱ्यावर खेकडा बघितलेल्या कोणालाही ते समजावून सांगायला नको. समोर काचेतून धावपट्टी सरळ दिसत नाही, तिरकी दिसते, आणि तरी विमान मधल्या रेघेवरच येत असते. मुलगी म्हणाली की पहिल्या दिवशी तिला हे पाहून पोटात कसेसेच झाले होते, आणि तिने नाक ‘सरळ’ केले होते. सरळ केल्याबरोबर विमान डावीकडे वाहू लागले.

खरी परीक्षा शेवटच्या चार-पाच सेकंदांची. होडीला चाके नसतात. विमानाला असतात आणि चाके सरळच फिरतात. तिरक्या नाकाने टेकले तर चाकांवर बाजूने जोर येतो, टायर ओरखडतो, विमान एकदम गर्रकन वळू शकते, पंख जमिनीला घासू शकतो. तेव्हा टेकण्याच्या अगदी आधी डाव्या पायाने पायट दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणायचे. पण नाक सरळ झाले की वारा विमानाला डावीकडे ढकलणार. म्हणून त्याच क्षणी हाताने चक्र उजवीकडे वळवून उजवा, म्हणजे वाऱ्याकडचा, पंख किंचित खाली करायचा. विमान त्या बाजूला झुकून वाऱ्याला खांदा देते. अर्नाळ्याच्या रस्त्यावर वाऱ्यात सायकल चालवणारा माणूस जसा वाऱ्याकडे कलतो, तसेच. मग आधी उजवे चाक टेकते, नंतर डावे, शेवटी नाकाचे. एका चाकावर उतरताना बघून आमचे मित्र दचकून उभे राहिले होते. पण तेच बरोबर असते.

“डावा पाय, उजवा हात,” मुलगी पुन:पुन्हा म्हणत होती. हात आणि पाय उलट्या दिशांना. आपल्याला हँडल आणि पायडल एकाच दिशेची सवय. त्यात भर म्हणजे जमिनीजवळ वारा बदलतो. झाडे, शेड, मातीचा उंचवटा, यांनी तो अडतो, मग फट आली की पुन्हा झटका देतो. म्हणजे किती दाबायचे हे आधी पाठ करून येता येत नाही. दाबत राहायचे, बघत राहायचे. आणि जमले नाही तर लाज न धरता इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जायचे आणि नवी फेरी घ्यायची. हे पुन्हा वर जाणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे तिला पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. आमच्या घरांतून मुले एवढ्या खर्चाने शिकायला जातात, की प्रत्येक फेरीला त्यांना घरातले तारण दिसते. अठरा हजारांच्या घरातला एक तास! तेव्हा ‘ही फेरी वाया घालवू नये’ म्हणून कसेतरी टेकवायचे, हा मोह होतो. तिने हे आम्हाला सांगितले तेव्हा तिचे वडील दुसरीकडे बघत होते.

जुहूचे मैदान

येथे थोडे विषयांतर करतो. पूर्वी ही कटकट एवढी नव्हती. जुन्या काळी विमानतळ म्हणजे मोठे मोकळे मैदान असे. वारा जिकडून, तिकडे तोंड करून उतरा. आपल्या जवळचे जुहू हे भारतातले पहिले नागरी विमानतळ, १९२८ सालचे. सुरुवातीला तेही भरतीच्या चिखलाचे वाळलेले मैदानच होते. तिथल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे.आर.डी. टाटा शिकले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना जे लायसन्स मिळाले, त्यावर क्रमांक १ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते पस मॉथ विमानातून याच जुहूच्या जमिनीवर उतरले. पावसाळ्यात मात्र ते मैदान पाण्याखाली जायचे, तेव्हा टपालाची विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावर न्यावी लागत. त्या काळच्या जिप्सी मॉथ विमानाला ब्रेक नव्हते आणि शेपटीखाली चाकाऐवजी एक घसरता दांडा असे. त्या बनावटीचे विमान आडव्या वाऱ्यात एकदा वळू लागले, की अधिकच वळत जाते. पण मैदान मोकळे, म्हणून निभावले.

मग विमाने जड झाली, जड विमानांना पक्क्या पट्ट्या आल्या, आणि पट्टी आली म्हणून आडवा वारा आला. जुहूची मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला साधारण तोंड देणारी. मुंबईच्या मोठ्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२. अमेरिकेच्या बी-५२ या प्रचंड बाँबफेकी विमानाला तर चाकेच तिरकी वळवण्याची सोय आहे. विमान खेकड्याच्या चालीने येते आणि नाक तिरके ठेवूनच टेकते, चाके मात्र पट्टीच्या रेषेत! गरिबाच्या सेस्नाला ती चैन नाही. तिथे पायच लागतो.

आणि हे फक्त शिकाऊ मुलांचे दुखणे आहे असेही नाही. १ मार्च २००८ रोजी जर्मनीत हॅम्बुर्गला वादळी वाऱ्यात उतरताना लुफ्तान्साच्या एअरबस विमानाचा डावा पंख धावपट्टीला घासला. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले आणि नंतर सुखरूप उतरवले. कोणालाही इजा झाली नाही.

वहीतला शेरा

असो. आम्ही खिशात अर्ज घेऊन गेलो होतो, ते विसरलो नव्हतो. दुपारी तिच्या इन्स्ट्रक्टरांना भेटलो. पन्नाशीचे गृहस्थ, उन्हाने रापलेले. आम्ही सरळ विचारले, चार मुले सोलो गेली, ही का नाही? त्यांना राग आला नाही. त्यांनी मुलीची परवानगी घेऊन तिची वही आमच्यापुढे ठेवली.

कारकुनाला तारखेनिशी लिहिलेल्या शेऱ्यापुढे बोलता येत नाही. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, वारा आणि खाली शेरा. आडवा वारा ६ नॉट, येणे चांगले, टेकताना पाय उशिरा. आडवा वारा ८ नॉट, पाय बरोबर, टेकल्यावर चक्र सोडले, उजवा पंख उचलला गेला. पुढच्या पानावर, टेकल्यावर चक्र धरले, सुधारणा. आम्ही तीन पाने वाचली. त्यात कुठेही माणसाबद्दल शेरा नव्हता. सारे शेरे हातापायांबद्दल होते.

“मी खाली उतरलो की उजवी खुर्ची रिकामी होते,” ते म्हणाले. “विमान माझ्या वजनाने हलकं होतं, ते टेकायला कुरकुर करतं, जास्त तरंगतं. तेवढ्यात वारा फिरला, तर इथून मी रेडिओवर बोलू शकतो. पाय नाही देऊ शकत.”

हे पटले. पण आमची सवय अशी की एक कागद पटला म्हणजे दुसरा बघायचा. आम्ही उड्डाणांच्या वेळा पाहू लागलो. ११.४०. १२.१५. १.०५. ११.५०. सगळ्या दुपारच्या! आम्ही विचारले, सोलो गेलेली चार मुले किती वाजता उडत होती? पहाटे. सहा ते आठच्या पाळीत. म्हणजे ज्या वेळी ती पिशवी मेल्या माशासारखी लोंबत असते! हिला पहाट का नाही? कारण पाळ्या दाखल झालेल्या क्रमाने लागल्या होत्या आणि ही सर्वांत शेवटी दाखल झाली होती. शेवटी का? बँकेने लावलेले ते तीन महिने.

इन्स्ट्रक्टर थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी कबूल केले की हे असे एका ओळीत त्यांनी पाहिले नव्हते. आम्ही तोंडीच म्हटले, पाळी फिरती ठेवा. त्यांनी मान्य केले. पण एक अट घातली. “पहाटे सोडीन, पण त्याआधी दुपारच्या वाऱ्यात मला सलग तीन वेळा नीट टेकवून दाखवायचं. पहाटे गेलेल्या त्या चौघांचं आडव्या वाऱ्याचं शिक्षण अजून व्हायचंय, हिचं होऊन गेलंय. ते मी आता पुसणार नाही.”

आमची पत्नी नंतर म्हणाली की तुमचा अर्ज न देताच मंजूर झाला. तसे म्हणता येईल. पण त्या पाकिटात आम्ही जे लिहिले होते, त्यातला एकही शब्द या प्रकरणाला लागू नव्हता, हे आम्ही येथे लिहून ठेवतो. आणि आमच्या मित्राला जी शंका आली, ती येण्याचे कारण त्यांनी स्वतः तयार केलेले नाही, हेही लिहून ठेवतो. दोन्ही खरे आहे.

परतीच्या गाडीत आम्ही मित्रांना हिशोब समजावला. जास्तीचे शिकवणीचे तास फुकट जात नाहीत, ते २०० तासांतच धरले जातात. फक्त कॅप्टनचे १०० तास त्यातून भागले पाहिजेत, म्हणून फार लांबवूनही चालणार नाही. मित्र ऐकत होते की नाही कोण जाणे. ते खिडकीतून शेतातल्या झाडांचे शेंडे कुठे वाकतात ते बघत होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला फोन आला. मुलगी सोलो जाऊन आली होती. सहा मिनिटे. उजवी खुर्ची रिकामी बघून रडू येईल असे वाटले होते, पण विमान इतक्या चटकन वर गेले की रडायला सवड झाली नाही, असे म्हणाली. उतरल्यावर रिवाजाप्रमाणे मुलांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतले होते. तिच्या आईने पहिला प्रश्न विचारला, डोकं पुसलंस का?

तिच्या खोलीत कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे वर्तमानपत्रातून कापलेले चित्र आहे. १९८५ साली कोलकाता ते सिल्चर हे इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान निवेदिता भसीन यांना सहवैमानिक घेऊन त्यांनी नेले होते, सारा चमू महिलांचा. त्या चित्राखाली मुलीने आता स्वतःचा ओल्या गणवेशातला फोटो डकवला आहे. हे तिच्या धाकट्या भावाने आम्हाला सांगितले, तिने नव्हे.

पण आम्हाला सांगायची आहे ती दुसरी तारीख. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या बेतात असताना, ती एकटी दुपारच्या पाळीत गेली. वर गेली तेव्हा वारा समोरचा होता, वळसा घालून येईपर्यंत फिरला. पहिल्या खेपेला तिला विमान वाहताना दिसले, ती टेकवायला गेलीच नाही, पुन्हा वर गेली. दुसऱ्या खेपेला डावा पाय, उजवा हात. उजवे चाक, मग डावे.

तिचे वडील त्या रात्री रुळांच्या पावसाळी गस्तीवर होते. आम्ही त्यांना फोन करून सांगितले की पोरगी आडव्या वाऱ्यात एकटी उतरली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे लांबून मालगाडीचा आवाज येत होता. ती निघून जाईपर्यंत थांबले आणि मग त्यांनी विचारले,

“किती अंशांवरून होता?”